पडद्यामागचा स्वार

मास्तरांच्या कात्रीला दुकानात कुणी हात लावत नसे. धाकाने नव्हे, ती दुसऱ्या कुणाच्या हातात चालतच नसे. उजव्या हाताच्या माणसाने ती धरली की पाती एकमेकांपासून फाकायची आणि कापड कापलं जायच्या ऐवजी मधे दुमडून बसायचं. नवा आलेला प्रत्येक कारागीर एकदा तरी हा उद्योग करून बघे आणि मशीनच्या रांगेतून आवाज येई, "काय, चावली का?"

मास्तर म्हणजे बाई. शिवणाच्या दुकानात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या कापायला उभ्या राहिल्या तेव्हा तो शब्द बदलायच्या फंदात कुणी पडलं नाही. पहारेकऱ्यांचे कोट, शाळांचे गणवेश, बँडवाल्यांचे लाल डगले असं ठोक काम तिथे यायचं. कापायचं टेबल खिडकीशी होतं. एरवी सगळीकडे उजेड डावीकडून घेतात, म्हणजे खडू धरलेल्या हाताची सावली रेघेवर पडत नाही. इथे टेबल फिरवून उजेड उजवीकडून घेतला होता, कारण मास्तर डावखुऱ्या. मालकांनी ते टेबल पहिल्याच वर्षी स्वतः ढकललं होतं. पुढे ते ज्याला त्याला सांगत, "उभ्या जन्मात मी दोनच गोष्टी हलवल्या. एक हे टेबल आणि दुसरं सासऱ्यांचं मन. टेबल सोपं गेलं."

त्याच टेबलाशी एका सकाळी निळ्या कापडाचा थर कापताना, बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईवर कात्री थांबली. मास्तरांना वाटलं, पातं अडलं. त्यांनी जोर लावला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की जोर लागतच नाहीये. पातं अडलं नव्हतं. हात थांबला होता.

अर्धांगवायूचा झटका डाव्या बाजूला आला. दवाखान्यातून घरी येईपर्यंत वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पायही हळूहळू वळणावर आला. हात आला नाही. तो मांडीवर ठेवला तर मांडीवर राही, टेबलावर ठेवला तर टेबलावर.

मालक बघायला आले. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी आधी हवेबद्दल, मग कापडाच्या भावाबद्दल बोलून घेतलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, कापायला पोरं मिळतील. आखायला मिळत नाहीत. तुम्ही उजव्या हातात नुसता खडू धरा. रेघ जमली की टेबल तुमचं. शाळांचं काम सुरू होईपर्यंत मी कुणाला तिथे उभा करत नाही."

"आणि नाही जमली तर?"

मालकांनी हवेबद्दल परत एकदा बोलून घेतलं.

सगळं एवढ्यावर आलं होतं. उजव्या हाताने एक सरळ रेघ. पण उजव्या हाताबद्दल मास्तरांचं मत कधीच चांगलं नव्हतं. "घरजावई आहे तो," त्या म्हणत. "खातो, पितो, कामाला हात लावत नाही." जन्मभर त्या हाताने कापड दाबून धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांच्या मुलीने समोर खडू आणि जुनं कापड आणून ठेवलं. मास्तरांनी एक रेघ ओढली, तिच्याकडे परक्याच्या पोराकडे बघावं तसं बघितलं आणि खडू ठेवून दिला.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण बाई घरी यायची. ती डाव्या हातासाठी एक उभा आरसा घेऊन आली. एका बाजूला काच, मागे लाकडी फळी. तो टेबलावर मास्तरांच्या दोन्ही हातांच्या मधे उभा केला. लुळा डावा हात फळीमागे झाकला गेला आणि उजवा काचेपुढे राहिला.

"आता आरशात बघा, मावशी, आणि उजवी मूठ उघडा, मिटा. काय दिसतं?"

"उजवा हात."

"नीट बघा. डावा दिसतो की नाही? डावा हात हलताना दिसतो. रोज दिसला की मेंदूला वाटतं, अरे, हा चालतोय. मग तो खरंच हुकूम पाठवायला लागतो. कधीकधी."

"म्हणजे फसवायचं."

"फसवायचंच."

"माझा मेंदू तुझ्याहून म्हातारा आहे गं बाई. तो नाही फसायचा."

या बोलण्यातलं चुकीचं काय होतं, ते त्यांना पुढच्याच आठवड्यात कळायचं होतं.

लहानपणी त्यांचं नाव डावरी. तीन बहिणींत धाकटी. वडील धारवाला. पायाने फिरवायचं चाक खांद्यावर टाकून गल्लोगल्ली सुऱ्याकात्र्यांना धार लावत फिरायचे. घरात डाव्या हाताचं कुणाला काही नव्हतं, पण शाळेतल्या बाईंना होतं. त्या पट्टीने मारत नसत. कापडी नाडी घ्यायच्या आणि पोरीचा डावा हात बाकाच्या दांडीला बांधून टाकायच्या. पाटीवरचं अक्षर मग असं यायचं की वर्ग हसायचा. पोर घरी येऊन कोपऱ्यात बसायची. आई म्हणायची, "शिकशील गं हळूहळू उजव्याने." वडील काहीच म्हणायचे नाहीत. त्यांच्या कामात चाकच इतका आवाज करायचं की बोलायची सवयच राहिली नव्हती.

त्या वर्षी गावाबाहेरच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. पुढे तो दर वर्षी येत राहिला, आणि दर वर्षी त्याच्याकडे तोच सिनेमा असायचा, कारण तंबूवाल्याने ती एकच जुनी रिळं विकत घेऊन ठेवली होती. तलवारीचा सिनेमा. काळा कोट घातलेला, काळ्या घोड्यावरचा एक स्वार, एक दुष्ट किल्लेदार आणि किल्ल्यात कोंडलेली एक मुलगी. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा ताणलेला असे. पुढे सतरंज्या आणि बाकं. पडद्याच्या मागेही जागा होती. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसे. तिथे हमाल, टांगेवाले आणि ज्यांची कुठेच गणती नाही अशी माणसं बसत.

आई आणि दोघी थोरल्या बहिणी पुढे बसल्या. वडील धाकटीचं बोट धरून तिला पडद्यामागे घेऊन गेले.

"आपण पुढे का नाही?" तिने विचारलं.

"पुढून नीट दिसत नाही," वडील म्हणाले.

आणि तिथे, गवतावर, वडिलांच्या मांडीला टेकून तिने तो स्वार पाहिला. त्याने तलवार उपसली, ती डाव्या हाताने.

एवढं एकच घडलं असतं तरी पुरे होतं. पण त्या सिनेमात एक खांब होता. किल्लेदार स्वाराला पकडतो, ओरडतो, "बांधा याला!" आणि शिपाई त्याचा एक हात खांबाला साखळीने बांधतात. उजवा. किल्लेदार गडगडाटी हसतो. पोरीचा जीव टांगणीला. आणि मग तो स्वार सावकाश मोकळ्या हाताने, डाव्या हाताने, शिपायाच्या कमरेची तलवार ओढून घेतो. चुकीचा हात बांधला! एवढा मोठा किल्लेदार, एवढी फौज, आणि कुणाला ठाऊकच नाही की हा माणूस डावखुरा आहे! शेजारी वडिलांनी टाळी वाजवली. जोरात, एकदाच. धार लावून घट्टे पडलेले तळवे. आवाज लाकडावर लाकूड आपटावं तसा आला.

"बाबा, तो गाढव आहे," ती ओरडली. "त्याने चुकीचा हात बांधला!"

"गाढवच आहे," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाडी काढली तेव्हा ती रडली नाही. हात सोडवून घेतला आणि डाव्याने लिहिलं. परत बांधला, परत सोडवला. असं किती दिवस चाललं कोण जाणे. शेवटी बाई थकल्या. वर्ग तोच, हसणारी पोरं तीच. फरक एवढाच की तिच्या बाजूने आता घोड्यावरचा एक माणूस होता.

तो सिनेमा तिने दर वर्षी पाहिला, दर वर्षी मागूनच. वाचता यायला लागलं तेव्हा सुरुवातीची नावं उलटी दिसतात हे तिच्या लक्षात आलं. वडिलांना विचारलं, ते म्हणाले, "मागून वाचतोय ना आपण." पटलं. पाटी मागून बघितली की अक्षर उलटंच दिसणार. पण जे अक्षराचं झालं तेच हाताचंही होत असणार, हे तिच्या मनात आलं नाही. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक होत्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारख्या, आणि मधलं दार कधी उघडलं नाही.

दार उघडायची आणखी एक वेळ आली होती. शिवणात ती रमली ती त्या काळ्या कोटापायी. उंच कॉलर, कमरेला घट्ट, खाली घेर. शिवण शिकवणाऱ्या उस्तादांकडे पहिला पुरुषी कोट बेतायला मिळाला तेव्हा तिने बटणं डाव्या बाजूला घेतली. उस्तादांनी कपाळाला हात लावला. "अगं, पुरुषाच्या कोटाची बटणं उजवीकडे! घालणारा काय बायकोचा कोट घालणार आहे का?"

"सिनेमातल्या स्वाराची डावीकडे होती," ती म्हणाली.

सगळं दुकान पोट धरून हसलं. "मग तो स्वार नसेल, स्वारीण असेल!" तिने बटणं उसवून उजवीकडे लावली. सिनेमावाल्यांना शिवणातलं काही कळत नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

शिवण शिकायला जाण्यावरूनच एकदा घरात तंटा झाला होता. थोरलीला पुढे शिकायला पाठवलं आणि धाकटीला शिवणाला लावलं. ती पंधरा वर्षांची होती, जिभेला धार होती आणि धारवाला समोरच बसला होता. ती वडिलांना म्हणाली, "मला मागेच ठेवायचं तुमचं आधीपासून ठरलंय. सिनेमाला सुद्धा त्या दोघी पुढे बाकावर, आणि मी हमालांत."

वडील चाकावर एक सुरी धरून होते. ठिणग्या उडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पुढून नीट दिसत नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी ओळखीच्या लोहाराकडून डाव्या हाताची कात्री घडवून आणली, स्वतः धार लावली आणि तिच्या पिशवीत टाकली. त्याबद्दलही काही बोलले नाहीत. काही वर्षांनी ते गेले. सिनेमाचा विषय परत निघाला नव्हता.

मास्तरांच्या मुलीला हा सगळा सिनेमा तोंडपाठ होता, न बघता. लहानपणी तिला झोपवताना आई सांगायची. खांबाच्या प्रसंगाला उशीला साखळी बांधायची आणि डाव्या हाताने पट्टी उपसायची. मुलगी उजव्या हाताची. एकदा तिने विचारलंही होतं, "आई, मी पण डावखुरी होऊ का?" आता आईने खडू टाकला, आरशाकडे पाठ केली, तेव्हा मुलीला तोच स्वार आठवला. ऑफिसातल्या कुणाकडून तरी शोधून घेऊन तिने तो जुना सिनेमा मिळवला. एका रविवारी दुपारी टीव्हीला जोडला, खुर्ची समोर ओढली.

"बघ कोण आलंय," ती म्हणाली.

सुरुवात हसण्यातच गेली. किल्ला पुठ्ठ्याचा होता. दार आपटलं की बुरूज हलायचा. घोडा दौडत होता आणि मागून तेच एक वाकडं झाड परतपरत जात होतं. स्वाराला चांगलं पोट होतं. एका बाजूची मिशी सुटत आली होती.

"आई, हा? हा तुझा स्वार? हा तर आमच्या हेडक्लार्कसारखा दिसतो!"

"तेव्हा बारीक होता," मास्तर म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. झटक्यानंतर इतकं हसणं पहिल्यांदाच झालं होतं.

मग स्वाराने किल्ल्यातल्या मुलीच्या थोबाडीत मारली, शंका घेतली म्हणून, आणि तिनेच त्याचे पाय धरले. मास्तरांना हे आठवत नव्हतं. पुढे एका तोतऱ्या नोकराची बराच वेळ टिंगल चालली. तीही आठवत नव्हती. लढाईत शिपाई आपापली पाळी येईपर्यंत तलवारी हलवत उभे राहायचे. लहानपणी हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं असणार. पोराचे डोळे हवं तेवढंच घेतात.

कोट मात्र त्यांनी कापणाऱ्याच्या नजरेने बघितला. मुंढा चुकला होता, हात वर केला की सगळा कोट वर चढत होता. कॉलरचं अस्तर बाहेर डोकावत होतं. आणि बटणं उजवीकडे होती. जिथे असायला हवीत तिथेच.

"बटणं बरोबर आहेत," मास्तर म्हणाल्या.

"म्हणजे?"

पडद्यावर स्वाराने तलवार उपसली.

"तू हा उलटा लावलायस," मास्तर म्हणाल्या.

"सिनेमा उलटा कसा लावणार आई?"

"उलटा आहे. बघ ना, उजव्या हातात धरलीय त्याने."

मुलीने बघितलं. सुरुवातीची नावं तर सरळ आली होती. तिनेच मोठ्याने वाचून दाखवली होती. ती तसं म्हणाली नाही. पण मास्तरांना ती नावं त्याच क्षणी आठवली. नावं सरळ, बटणं उजवीकडे, तलवार उजवीकडे. मधलं दार उघडलं. दोन्ही भाडेकरू एकमेकांसमोर उभे राहिले.

"बंद करू का?" मुलीने विचारलं.

"खांब येऊ दे."

खांब आला. किल्लेदार ओरडला. शिपायांनी स्वाराचा डावा हात साखळीने बांधला. मग स्वाराने मोकळ्या उजव्या हाताने शिपायाची तलवार ओढली, कुणीही ओढेल तशी. त्यात काहीच नव्हतं. कुणी फसलं नव्हतं, कुणाचा डाव उलटला नव्हता. घाईघाईने उरकलेला एक साधा प्रसंग. डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्यालाही त्यात टाळीची जागा सापडली नसती.

"त्यांनी डावा बांधला," मास्तर म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंसारखा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम बंद केला. खडू खिडकीत पडून राहिला. आरसा मुलीने भिंतीशी फळी बाहेर करून ठेवला. व्यायामाची बाई दोनदा येऊन समजूत घालून गेली. मास्तर तिला नीट उत्तरं देत, चहा घे म्हणत, आणि हात मांडीवरून उचलू देत नसत. मुलगी माफी मागायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? मी आयुष्यभर ज्याच्या जिवावर उड्या मारल्या, तो नव्हताच. एवढंच झालं." त्यांचा आवाज मापं सांगताना असे तसा होता.

मालकांचा फोन आला. शाळांचं काम तोंडावर आलं होतं. मुलीने बाहेर जाऊन फोन घेतला आणि मग मावशीला बोलावलं.

थोरली बहीण आली ती दारातूनच बोलत. शाळेत क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. आवाज अजून वर्गाबाहेरच्या पोरांना हाकलण्याइतका. "काय गं डावरे, एका टुकार सिनेमापायी अंथरूण धरलंस? मी तो पुढे बसून बघितलाय. तेव्हाही टुकारच होता."

"तू पुढे बसलीस. तुला खरं दिसलं."

"खरं म्हणजे काय, ती सुटलेली मिशी?"

"तो उजवा होता, ताई."

थोरली बसली. पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, म्हणजे तुला आत्ता कळलं?"

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मला वाटलं, तुला केव्हाच कळलं असेल. इतकी वर्षं झाली. शिकलीसवरलीस, पोर वाढवलीस. मी म्हटलं, तू ते गमतीनेच सांगतेस."

"तुला ठाऊक होतं?"

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी आपण नव्हतो गेलो, बाबा एकटेच गेले होते. तंबूवाल्याच्या भटारखान्यातल्या सुऱ्यांना धार लावायला. पडद्याच्या मागेच त्यांची चूल होती. काम आटपेस्तोवर खेळ सुरू झाला. घरी आले ते आईला म्हणाले, मागून बघितलं तर तो माणूस डावखुरा दिसतो. आई म्हणाली, मग? बाबा म्हणाले, मग काय, उद्या धाकटीला नेतो. मी जागी होते."

"मागची जागा स्वस्त म्हणून नेलं मला."

"कसली स्वस्त? धारेच्या बदल्यात तंबूवाल्याने सगळ्यांना पास दिला होता. पुढच्या बाकाचा. बाबांचीही जागा होती आमच्या शेजारी. दर वर्षी रिकामी राहायची. आईने आम्हाला दम भरला होता, धाकटीला कुणी काही बोललात तर याद राखा. मधलीला एकदा तेवढ्यासाठी मारही बसला."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. मास्तरांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं कापड सारखं करतात.

"टाळी," त्या म्हणाल्या. "खांबाला हात बांधतात तिथे. पुढून येत होती का टाळी?"

"तिथे कोण कशाला टाळी वाजवेल? तिथे काही होतच नाही." थोरली थांबली. "मागून यायची. एकाचीच. पुढची माणसं वळून बघायची, हा कोण येडा म्हणून. आम्हा दोघींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई मात्र हसायची तोंडाला पदर लावून."

मास्तर म्हणाल्या, "मी त्यांना म्हणाले होते, मला हमालांत बसवलंत."

"आठवतं मला."

"त्यांनी सांगितलं का नाही मग?"

"सांगितलं असतं तर तो स्वार उजवा झाला असता ना," थोरली म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ होती. पाणी उकळून उकळून आटलं तरी तिने भांडं उतरवलं नव्हतं.

पुढच्या वेळी व्यायामाची बाई आली तेव्हा आरसा टेबलावर होता. मास्तरांनी डावा हात स्वतःच फळीमागे सरकवला होता. "फसव बाई," त्या म्हणाल्या. "मी फसणाऱ्यांतलीच आहे."

इथे हात चालू लागला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो चालू लागला नाही. बऱ्याच दिवसांनी अंगठा हलला, मग बोटं अर्धवट मिटली. कापड दाबून धरता येईल एवढं झालं आणि तिथेच राहिलं. दोन्ही हातांनी आपापली कामं बदलून घेतली, म्हणायचं. उजव्या हाताने खडू धरला. रेघ पहिलीतल्या पोराची यायची, मग तिसरीतल्या. शाळांचं काम सुरू झाल्यावर पंधरवड्याने मास्तर दुकानात गेल्या.

मालकांनी शब्द पाळला होता, म्हणजे पाळता येईल तेवढा. टेबल मास्तरांचं होतं. पण काम थांबत नसतं. कापायला एक तरुण माणूस ठेवावा लागला होता, आणि तो उजव्या हाताचा. टेबल परत फिरवलं होतं. उजेड आता डावीकडून येत होता.

"हलवू का परत?" मालकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"कशाला?" मास्तर म्हणाल्या. "आता हाच बरोबर आहे. मी पण उजव्यानेच आखणार." त्यांनी उजेड कुठून येतो ते बघितलं आणि तो डावीकडून पडेल अशा बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मशीनच्या रांगेतून कुणी काही बोललं नाही. आखायला त्यांना पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा. तरुण मास्तर रेघ कुठे हलली असेल तिथे न विचारता सावरून कापायचा, आणि तो सावरतोय हे त्यांना दिसायचं.

कात्री त्यांनी घरी नेली. तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. ती कुणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता. घेणारं कुणी डावखुरं नव्हतं.

व्यायामाच्या बाईने काही महिन्यांनी सांगितलं की आता आरशाने आणखी काही व्हायचं नाही, हवं तर परत नेते. मास्तरांनी तो विकत घेऊन ठेवला. दुकानातून आल्यावर संध्याकाळी त्या टेबलाशी बसतात. डावा हात फळीमागे, उजवा काचेपुढे. मूठ उघडतात, मिटतात. खडू धरतात, ठेवतात. दोन बोटं कात्रीसारखी चालवतात.

एकदा मुलगी ऑफिसातून लवकर आली. टेबलाच्या पलीकडे उभी राहून तिने थोडा वेळ बघितलं. तिला फळी दिसत होती आणि फळीमागचा तो निजलेला हात दिसत होता.

"आई, ती बाई म्हणाली ना, आता काही व्हायचं नाही म्हणून. मग कशाला बसतेस रोज?"

मास्तरांनी नजर काचेवरून काढली नाही. पायाने शेजारची खुर्ची थोडी मागे ढकलली.

"इकडे येऊन बस," त्या म्हणाल्या. "तिकडून नीट दिसत नाही."